एकवीस लाख डोळ्यांचा महाराज

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नेरूळच्या पारिजात सोसायटीचा हॉल तो. एरवी तिथे जनरल बॉडीची मीटिंग असली, की कोरम भरायला वॉचमनला घरोघर पाठवावं लागे. त्या संध्याकाळी मात्र शेजारच्या सेक्टरांतूनही माणसं आली होती. ट्यूबलाइट बंद, पंखे बंद, खिडक्यांना जाड पडदे. मधोमध पितळेची उंच समई, आणि तिच्या पाच वातींपैकी एकच पेटवलेली. समईपलीकडे स्टुलावर दहा वर्षांची श्रुती घामाघूम होऊन बसली होती. तिच्यासमोर भगव्या सिल्कच्या झब्ब्यात लाखनेत्र महाराज उभे होते, आणि त्यांच्या हातात ना कमंडलू होता ना रुद्राक्षाची माळ. हातात होता कॅमेरा.

"माणसाला डोळे किती?" महाराजांनी विचारलं.

"दोन!" हॉल म्हणाला.

"शंकराला?"

"तीन!"

"आणि ह्या यंत्राला तेरा लाख! होय, तेरा लाख डोळे. रोल नाही, निगेटिव्ह नाही, धुणं नाही, वाळवणं नाही. अमेरिकेतले शास्त्रज्ञ ह्या डोळ्यांना पिक्सेल म्हणतात. आपल्या ऋषींनी काय नाव दिलं होतं ते मी सांगणार नाही. ते गुप्त आहे!"

लोकांनी माना डोलावल्या. गुप्त आहे म्हटल्यावर कोण काय विचारणार?

"महाराज, फ्लॅश?" मागून कुणीतरी विचारलंच.

"फ्लॅश तामसी! झोत पडला की बाधा झुरळासारखी पळते, लपते. समईच्या सात्त्विक उजेडात ती निवांत बाहेर येऊन बसते. हलू नकोस पोरी. श्वास धर."

बटण दाबलं गेलं. महाराजांचा शिष्य नामा याने कॅमेऱ्याची वायर शेजारच्या कंप्युटरला जोडली आणि त्याच्या पडद्यावर श्रुतीचा चेहरा उमटला. नामाने तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि सगळ्या हॉलने एकदम श्वास आत घेतला. पोरीच्या गालावर, कपाळावर, डोळ्यांखाली लाल, निळे, हिरवे कण बुजबुजले होते. मुंग्यांचं वारूळ फुटावं तसा तो चेहरा दिसत होता.

"ही बाधा," महाराज हळूच म्हणाले. "हिच्या फिटचं मूळ. डॉक्टरांना दोनच डोळे. त्यांना कसं दिसणार?"

श्रुतीने एकदा पडद्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भिंतीशी बसलेली तिची आई, सुचित्रा, तिच्याकडे जायला अर्धवट उठली. पण खोटं कशाला सांगायचं, तिला जरा बरंही वाटलं. शत्रू निदान दिसला तरी.

एखाद्या बाबाने हवेतून विभूती काढली असती, तर ह्याच माणसांनी त्याला हसून गेटाबाहेर घालवलं असतं. बँकेतली, विम्यातली, सरकारी कचेऱ्यांतली शिकलेली माणसं ती. पण वर्ष होतं नव्याण्णव. प्रत्येक घरात पोराला कंप्युटरच्या क्लासला घालायची घाई चालली होती. देव आहे की नाही याबद्दल पारिजात सोसायटीत दोन मतं होती. कंप्युटर खोटं बोलत नाही याबद्दल मात्र एकमत होतं. महाराजांनी नेमकी ती नस पकडली होती.

त्यात सुचित्राचा नवरा आशुतोष सगळ्यांच्या पुढे. महापेच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनियर. श्रुतीला पहिली फिट शाळेच्या मैदानावर आली, त्याला दोन वर्षं होत आली होती. वाशीच्या डॉक्टर राजलक्ष्मींच्या गोळ्या चालू होत्या. फिट कमी झाल्या होत्या, पण थांबल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणायच्या, धीर धरा, डोस बसायला वेळ लागतो. धीर कसा धरायचा हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. सुचित्रा पोरीला बाथरूमची कडी लावू देत नसे. जिन्यावर हात सोडत नसे. रस्त्यावर कुणी जोरात हॉर्न दिला तरी तिचं काळीज लकलकायचं. अशा घरात मागच्या दाराने कोणीही शिरतं. महाराज तर पुढच्या दाराने आले, हातात यंत्र घेऊन.

"सुचित्रा, हे गंडेदोरे नाहीत गं," आशुतोष म्हणाला होता. "प्रूफ आहे प्रूफ. स्क्रीनवर दिसतंय ना डोळ्यांनी?"

महाराजांची पद्धत ठरलेली होती. बैठक दिवेलागणीला. पहिल्या बैठकीला समईची एक वात. पुढच्या प्रत्येक बैठकीला एक वात वाढवायची आणि रुग्णाचं स्टूल समईच्या वीतभर जवळ सरकवायचं, "तेज अंगात मुरावं म्हणून". मध्ये मंत्र, मध्ये तीर्थ. शेवटी उद्यापन आणि शेवटचा फोटो, ते मात्र सकाळी, पूर्वेच्या खिडकीत, कोवळ्या उन्हात. समईच्या वाती वाढवणं काय, उद्यापन सकाळी करणं काय, सगळं घरचं, ओळखीचं. त्यात शंका घेण्यासारखं काय होतं? आणि खरोखरच, बैठकीगणिक पडद्यावरचे कण कमी कमी होत गेले. प्रत्येक बैठकीचा रंगीत छापलेला फोटो आशुतोष घरी आणून कपाटाच्या दाराला चिकटवत होता. चौथ्या फोटोत चेहरा बराच निवळला होता.

त्याच बैठकीला महाराजांनी झोळीतून दुसरा कॅमेरा काढला.

"परवाच परदेशातून आला. एकवीस लाख डोळे! म्हटलं, आपल्या श्रुतीवरच पहिली दृष्टी टाकू."

तीच समई, त्याच चार वाती, तेच स्टूल. नामाने नव्या कॅमेऱ्याचा फोटो पडद्यावर मोठा केला आणि आशुतोषच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं. गेलेले कण परत आले होते. पहिल्यापेक्षाही बारीक, आणि दाट.

महाराजांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडले.

"जुन्या डोळ्यांना दिसत नव्हतं ते ह्यांना दिसलं. बाधा आत दडली आहे. कशाच्या आडोशाने? औषधाच्या! गोळीचा थर बसतो, त्याखाली ती सुखाने राहते. गोळी बंद करा. पुन्हा एका वातीपासून सुरुवात करू."

सुचित्रा उठून उभी राहिली. "महाराज, डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी एकदम बंद करायची नाही म्हणून."

"डॉक्टरांचा फोटो काढून आणू का?" महाराज म्हणाले, आणि हॉल खळखळून हसला. आशुतोषही हसला. सुचित्रा खाली बसली. ते बसणं तिला पुढे जन्मभर टोचणार होतं.

गोळ्या बंद झाल्या. आशुतोषने पाकीट उचलून स्वतःच्या ऑफिसच्या बॅगेत टाकलं. पहिले काही दिवस काहीच झालं नाही, तेव्हा तो विजयी चेहऱ्याने हिंडायचा. श्रुती मात्र गप्प गप्प झाली होती. शाळेतून आली की ती बेसिनपाशी जाऊन साबणाने तोंड धुवायची. एकदा, दोनदा, परत परत. एक दिवस सुचित्राने पाहिलं, तर पोर भांडी घासायचा काथ्या घेऊन गाल घासत होती. गाल लालभडक झाले होते.

"हे काय करतेस गं?"

"ते जात नाहीयेत, आई," श्रुती म्हणाली. "मला दिसत नाहीत, पण आहेत ना ते?"

सुचित्राने काथ्या हिसकावून घेतला आणि पोरीला पोटाशी धरलं.

आणि मग एका दुपारी, जेवायला बसल्या बसल्या, श्रुतीच्या हातातला घास गळला. मान वळली. सुचित्राने फिट पाहिल्या होत्या. तिने पोरीला कुशीवर घेतलं, ताट बाजूला लोटलं आणि थांबण्याची वाट पाहिली. पण ही थांबेना. जरा ओसरल्यासारखी वाटे आणि पुन्हा सगळं शरीर ताठ होई. ओठ काळेनिळे पडले. भांडी घासायला आलेल्या वेणूबाई कांदा घेऊन धावत आल्या. शिरवणे गावातल्या त्या. त्यांच्याकडे फिट आली की नाकाशी कांदा धरायचा, हाच इलाज. पण पोरीचं तोंड पाहिलं आणि त्यांच्या हातातला कांदा खाली पडला.

"वैनी, हे काय वेगलंच हाय! कांद्याचा काम नाय ह्यो. गोली दिली व्हती का पोरीला?"

"बंद केलीय हो," सुचित्रा किंचाळली. "आम्ही बंद केलीय!"

वेणूबाई तशाच अनवाणी खाली धावल्या आणि रिक्षा घेऊन आल्या. वाशीपर्यंतच्या रस्त्यात सुचित्रा फक्त एकच गोष्ट म्हणत होती, "थांब ना, बाळा, थांब ना आता." कोणाला म्हणत होती, पोरीला की त्या झटक्यांना, कुणास ठाऊक.

हॉस्पिटलात इंजेक्शनांवर इंजेक्शनं झाली तेव्हा कुठे फिट तुटली. डॉक्टर राजलक्ष्मी बाहेर आल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं.

"गोळ्या कोणी थांबवल्या?"

सुचित्राने सगळं सांगितलं.

"मेंदूला एवढा वेळ झटके बसले तर काय होतं, माहितेय? ती वाचलीय. काय गमावलंय ते शुद्धीवर आल्यावर हळूहळू कळेल. मी गोळ्या परत चालू करतेय. ह्या आता एक दिवस जरी चुकल्या ना, तर दर वेळी रिक्षा वेळेवर मिळेलच असं नाही."

सुचित्राला वाटलं होतं, आशुतोष येईल, पोरीकडे बघेल आणि कपाळावर हात मारून घेईल. तो आला. पोरीजवळ बसून रडलाही. पण संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये येऊन म्हणाला, "मी महाराजांना फोन केला होता. ते म्हणतात, बाधा बाहेर पडताना शेवटचा असाच तडाखा देते. म्हणजे निघत आलीय ती."

"अहो, तुम्ही काय बोलताय?"

"इथे आहे तोवर डॉक्टरांच्या गोळ्या चालू देत. डिस्चार्ज मिळाला की बंद. आता सोडून दिलं तर सगळं वाया जाईल, सुचित्रा! तू ते फोटो पाहिलेस ना? मी इंजिनियर आहे गं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

तो खोटारडा नव्हता, दुष्ट नव्हता. रडून त्याचे डोळे सुजले होते. म्हणूनच सुचित्राला इतकी भीती वाटली. दुष्ट माणसाशी भांडता येतं. हा माणूस पोरीवरच्या मायेनेच पोरीला मारणार होता. आणि घरात गोळी लपवून द्यायची म्हटली तरी किती दिवस, किती वर्षं? आशुतोषला पटल्याशिवाय गोळी काही पोरीच्या पोटात जाणार नव्हती. पटवायचं कसं? तिच्याकडे भीती होती आणि त्याच्याकडे प्रूफ.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला ती घरी आली आणि कपाटासमोर उभी राहिली. दारावर ते फोटो, ओळीने. रागाच्या भरात ती ते फाडणारच होती. शेवटचा, एकवीस लाख डोळ्यांचा, तिने उचकटला, आणि हात तिथेच थांबला.

आजवर तिने प्रत्येक फोटोत फक्त श्रुतीचा चेहरा पाहिला होता. आईचं लक्ष दुसरीकडे जाणार कुठे? आज पहिल्यांदा तिची नजर चेहऱ्याच्या बाजूला गेली. श्रुतीच्या डोक्यामागे हॉलची भिंत दिसत होती. भिंतीवरही कण होते. लाल, निळे, हिरवे, तस्सेच. फ्रॉकच्या कॉलरवर होते. भिंतीवरच्या बंद पंख्याच्या पात्यावर होते. अंधाऱ्या कोपऱ्यात तर चेहऱ्यापेक्षा जास्त बुजबुजले होते.

"म्हणजे भिंतीलाही फिट येते?" ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या घरात तो आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

कपडे तिथेच टाकून, सगळे फोटो काढून घेऊन ती बी विंगमध्ये श्यामसुंदर सरांच्या घरी गेली. सर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि फोटोग्राफीचं त्यांना वेड होतं. एका खोलीत त्यांनी डार्करूम केली होती, त्यावरून बायकोची रोज बोलणी खायचे. महाराजांच्या बैठकीला ते एकदाच आले होते आणि "पंखा लावा की जरा" म्हणाल्याबद्दल त्यांना बाहेर काढण्यात आलं होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोटो खिडकीशी नेऊन निरखले. मग कोपऱ्यातला जुना रेडिओ सुरू केला. एका स्टेशनवर गाणं स्वच्छ लागलं. त्यांनी काटा सरकवून दूरचं एक स्टेशन पकडलं. आवाज अगदी बारीक आला. सरांनी बटण पिळून आवाज वाढवला, तशी गाण्याबरोबर खरखरही मोठी झाली.

"ही खरखर गाणाऱ्याच्या घशात आहे का?"

"नाही. रेडिओत आहे."

"बरोबर. गाणं जोरात असलं की ती ऐकू येत नाही. गाणं दुबळं झालं आणि आपण आवाज वाढवला, की तीही वाढते. कॅमेऱ्याचं तसंच. उजेड म्हणजे त्याचं गाणं. एका वातीच्या उजेडात त्याला जेमतेम दिसतं, मग तो आतल्या आत आवाज वाढवतो आणि त्याची स्वतःची खरखर फोटोत उतरते. ते हे कण. वाती वाढल्या, स्टूल जवळ गेलं, की कण कमी. तुमच्या पोरीची बाधा नाही कमी होत, अंधार कमी होतो."

"आणि उद्यापन सकाळी..."

"उन्हात! काढा की फोटो उन्हात. मेलेल्या उंदराचा काढलात तरी स्वच्छ येईल."

सुचित्राला पटलं. पण एक काटा उरलाच होता. "सर, मग नवा कॅमेरा? त्या दिवशी उजेड तोच होता. डोळे जास्त आणि कणही जास्त. आमच्या ह्यांना त्यानेच तर पटलं."

सर आत गेले आणि डब्यातली नारळाची वडी घेऊन आले.

"ताटात वड्या थापल्या. ताट एवढंच. तेरा तुकडे पाडले तर एकेक केवढा? आणि त्याच ताटात एकवीस पाडले तर?"

"लहान होणार."

"कॅमेऱ्याच्या आत नखाएवढी चकती असते. ह्या दोन्ही कॅमेऱ्यांत ती साधारण तेवढीच असणार. तेवढ्याच जागेत तेराच्या ऐवजी एकवीस लाख डोळे कोंबले, की प्रत्येक डोळा बारीक झाला आणि प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी आला. भरपूर उन्हात हरकत नाही, उलट पापणीचा केस न् केस दिसेल. पण अंधारात त्या उपाशी डोळ्यांचा आवाज जास्त वाढवावा लागतो आणि खरखरही जास्त. वर तो नामा चेहरा मोठा करतो, म्हणजे खरखरसुद्धा मोठी करून दाखवतो. जास्त डोळे म्हणजे जास्त सत्य, असं काही नसतं हो."

वडी हातात तशीच धरून सुचित्रा रडली. सरांनी तिला रडू दिलं.

पुढच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, श्रुतीला उद्या डिस्चार्ज. त्या संध्याकाळी वेणूबाईंना तिच्याजवळ बसवून सुचित्रा आशुतोषबरोबर हॉलवर गेली. तो उद्यापनाची तारीख घ्यायला निघाला होता. मागच्या रांगेत श्यामसुंदर सर आधीच येऊन बसले होते. स्टुलावर आज दुसरंच कुणाचं तरी मूल होतं, आणि समईची एक वात.

सुचित्रा पुढे गेली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"महाराज, एक मागणं आहे. आमच्या पोरीआधी तुमचा फोटो हवाय. देव्हाऱ्यात ठेवायला. ह्याच यंत्राने काढलेला, एकवीस लाख डोळ्यांनी."

लोकांनी टाळ्याच वाजवल्या. "हो हो, आम्हालाही हवा!" महाराज प्रसन्न झाले. स्तुती कोणाला नको असते? मुलाला उतरवून ते ऐटीत स्टुलावर बसले आणि म्हणाले, "नामा, दिवे लाव."

"दिवे कशाला, महाराज?" सुचित्रा म्हणाली. "तो उजेड तामसी ना? सात्त्विक उजेडातच काढूया."

महाराजांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. पण शंभर माणसं बघत होती आणि नियम त्यांचाच होता. नामाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग बटण दाबलं.

पडद्यावर लाखनेत्र महाराज उमटले. गुबगुबीत गालांवर लाल, निळे, हिरवे कण नुसते नाचत होते. पुढच्या रांगा पडद्याकडे वाकल्या.

पण मुरलेला माणूस तो. क्षणभरच गडबडला. मग छातीवर हात ठेवून भरल्या गळ्याने म्हणाला, "पाहिलंत? तुमच्या सगळ्यांच्या बाधा मी ह्या देहावर घेतो. आज तुम्ही माझ्या जखमा पाहिल्यात."

एक बाई हुंदका देऊन पाया पडायला धावली. पाठोपाठ दुसरी. "केवढा त्याग!" कुणीतरी म्हणालं. हरले, तिला वाटलं. उद्या गोळ्या बंद होणार. तिने काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरून ती फक्त ओरडली:

"आणि भिंत? त्या मागच्या भिंतीने कोणाच्या बाधा घेतल्या? आशुतोष, भिंत बघा ना!"

पंधरा वर्षांच्या संसारात तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. आशुतोष दचकून उभा राहिला. कंप्युटरपाशी गेला. नामाने माऊस सोडला नाही, तेव्हा त्याने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि चित्र हळूहळू बाजूला सरकवलं. महाराजांचा कान गेला, खांदा गेला. भिंत आली. कण तसेच. कोपरा आला. कण आणखी दाट. त्याने चित्र परत चेहऱ्यावर आणलं, पुन्हा भिंतीवर नेलं. त्याच्या पाठीकडे बघत सुचित्राने श्वास धरला होता.

मग तो चालत दाराशी गेला आणि खटाखट सगळ्या ट्यूबलाइट लावल्या. लोक डोळे किलकिले करू लागले. त्याने खिडक्यांचे पडदे बाजूला सारले, बाहेरचा रस्त्यावरचा दिवाही आत आला. नामाच्या हातातून कॅमेरा घेऊन त्याने महाराजांसमोर धरला.

"हलू नका. श्वास धरा," तो म्हणाला.

ह्या खेपेला पडद्यावरचा चेहरा स्वच्छ होता. कपाळावरचा घाम तेवढा दिसत होता. भिंतही स्वच्छ.

"दिवे लावल्याबरोबर तुमचा त्याग संपला, महाराज?" मागून श्यामसुंदर सरांनी विचारलं.

आशुतोष कॅमेऱ्याची बटणं दाबत होता. "अंधार झाला की संवेदनक्षमता शेवटच्या टोकाला जाईल, असं लावून ठेवलंय," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "मुद्दाम. असं मुळात लावलेलं नसतं. मी रोज पॅनेलवर सिग्नलमधला नॉइज मोजतो. रोज! आणि माझ्या पोरीच्या तोंडावर मला तो ओळखू आला नाही." त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला. "तिची गोळी मी माझ्या हाताने बंद केली. ती परवा मेली असती."

मग सर पुढे आले. वाती, स्टूल, उद्यापनाचं ऊन, सगळं त्यांनी उलगडून सांगितलं, वड्यांच्या ताटासकट. स्टुलाशेजारी उभ्या बाईने आपलं मूल उचललं आणि विचारलं, "मग आमच्या बाळ्याचं इन्शुलिन बंद करायला सांगितलंय ते?" तेव्हा कुठे हॉल खवळला. गर्दी सोसायटीच्या सेक्रेटरींनी आवरली म्हणून महाराज धडपणे गेटाबाहेर पडले. पाया पडायला धावलेली ती बाई मात्र जाताना म्हणालीच, "पण समई किती छान आहे नाही त्यांची?" असो.

सकाळी हॉस्पिटलात आशुतोषने बॅगेतलं ते पाकीट काढलं. गोळी एकदा खाली पडली. दुसरी त्याने श्रुतीच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत तो पाण्याचा पेला धरून उभा राहिला.

"बाबा, माझ्या तोंडावरचे गेले का ते?" तिने विचारलं. शब्द अजून जड, अडखळत येत होते.

"नव्हतेच गं," आशुतोष म्हणाला. "कधीच नव्हते. कॅमेऱ्यात होते. मी चुकलो."

श्रुतीने गालावरून हात फिरवला. काथ्याच्या ओरखड्यांवर खपली धरली होती.

ती आता बरी आहे म्हणायची. फिट कधीतरी येतात, गोळी चालू आहे. पूर्वी घडाघडा म्हणायची ते पाढे तिला मध्येच सापडत नाहीत, आणि मग ती आईकडे बघते. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित परत. लाखनेत्र महाराज म्हणे आता खांदेश्वरला बसतात आणि त्यांच्याकडे तेहतीस लाख डोळ्यांचा नवा कॅमेरा आला आहे. हे कळल्यापासून सुचित्रा सुट्टीच्या दिवशी ते जुने फोटो पर्समध्ये घालून तिथल्या सोसायट्यांत जाते. तिला भाषण येत नाही. ती फोटो दाखवते, भिंतीवर बोट ठेवते आणि म्हणते:

"चमत्कार दाखवला तर बघा, जरूर बघा. पण चेहऱ्याकडे बघून झालं की भिंतीकडेही बघा. पहिला फोटो कुठल्या उजेडात काढला, दुसरा कुठल्या, ते विचारा. विचारल्याबद्दल कोणी हसलं तर हसू दे. मी हसण्याला घाबरून खाली बसले होते. तुम्ही बसू नका. आणि काहीही झालं तरी लेकराची गोळी चुकवू नका."